तुम्हाला उठता येत होतं

आबा, तुमच्याबद्दल मला किळस वाटते, हे आधी लिहून टाकते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी ती ओसरायला हवी होती. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात, मीही चारचौघांत बोलत नाही. पण आज आईच्या पाठीचा एक्स-रे उजेडासमोर धरला, कंबरेच्या वरचा मणका चेपलेला दिसला, आणि पहिलं आठवलं ते तुमचं तोंड. लोडाला टेकून, मान मागं टाकून, "ए, उठीव गं मला" म्हणणारं. आईचं वय झालंय, हाडं ठिसूळ झालीत, हे मला कळतं. बारामतीत माझा स्वतःचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे, रोज लोकांना मी हेच समजावत असते. तरी दोष मी तुम्हालाच दिला.

तुमच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीला गावी, अंथुर्ण्याला आले तर ओसरीवर तुमचा पलंग आणि भोवती सगळी भावकी. कुणी बिस्किटाचे पुडे आणलेत, कुणी पारवा मारून त्याचं रक्त तुमच्या उजव्या हातापायाला चोळलंय. ते वाळून खपल्या पडतायत, माश्या बसतायत. आई कोमट पाण्यानं ते पुसतेय आणि बायका म्हणतायत, "लई सेवा करती बाई." मला त्या रक्ताची शिसारी आली होती, खरी शिसारी अजून पुढंच होती. माझा दादा कारखान्यावर कामाला, त्यामुळं दिवसभर घरात आईच. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासला. प्रत्येक वेळी ती समोर उभी राहून कंबरेत वाकायची, तुमच्या काखेत हात घालायची आणि ओढायची. तुम्ही मागं रेललेले. ओझं अंगापासून जितकं लांब, तितका मणक्यावर ताण जास्त, आणि तुमचं सगळं ओझं तिच्यापासून हातभर लांब. हे तुम्हाला शिकवायची गरज नव्हती. पहारीनं बांधावरचा धोंडा हलवताना टेकू धोंड्याच्या जवळ का घ्यायचा, हे तुम्हीच मला दाखवलं होतं.

म्हणून मी तुम्हाला उठायला शिकवायला घेतलं. खुर्चीच्या कडेला सरका. पावलं गुडघ्यांच्या मागं घ्या. दोन्ही हात एकमेकांत गुंफा आणि पुढं या, नाक पायाच्या बोटांच्या पुढं जाईपर्यंत या. वजन पावलांवर आलं की बूड आपोआप सुटतं, मग नुसतं सरळ व्हायचं. लोकांना वाटतं उठणं म्हणजे वर जाणं, पण माणूस आधी पुढं जातो आणि मग वर. तुम्ही पाहुण्यांदेखत माझ्यावर खेकसलात, "बापाला उठाबशा काढाया लावती व्हय गं?" पाहुणे हसले. घर रिकामं झालं की मात्र मी सांगितलेलं तुम्ही करत होता. डावा पाय धड होताच, उजवाही हळूहळू भार घ्यायला लागला होता.

त्या दुपारी कालव्याला पाणी आलेलं, आई दारं धरून उसाला पाणी द्यायला गेलेली. मी मागच्या दारानं आत येते तर तुम्ही स्वयंपाकघरात उभे! एकटे. बूड ओट्याला टेकवून, डाव्या हातानं फळीवरच्या डब्यातला गूळ काढून खाताय. मला इतका आनंद झाला की मी तुमच्या पाया पडले. तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "आईला सांगू नगंस."

"का?"

"उठाया लागलो की कोन इतंय बघाया? पडून हाय तवर समदी इचारत्यात."

"आन् आईची कंबर?"

"तिला काय हुतंय? सवय हाय तिला," तुम्ही गूळ चघळत म्हणालात. भीती वाटते म्हणाला असता, लाज वाटते म्हणाला असता, तर मी समजून घेतलं असतं. रोज अशी माणसं बघते मी. पण तुम्ही अगदी सहज बोललात.

मी त्याच संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिनं माझ्या थोबाडीत दिली. "डोळ्यांदेखत पडून हायती ते, आन् तू बापावर असलं बोलतीस? ह्येच्यासाठी शिकिवलं व्हय तुला?" पलंगावर तुम्हाला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही नुसते कण्हलात. ती डोळे पुसत आली, वाकली, काखेत हात घातले, आणि तुम्ही नेहमीसारखे मागं रेललात. तुम्ही जाईपर्यंत ती तुम्हाला अशीच उचलत राहिली. तेराव्याला पंगतीत तिच्या सेवेचंच कौतुक चाललं होतं.

आता ती माझ्याकडे असते. आज एक्स-रे काढून घरी आणलं आणि तिला खुर्चीतून उठायला शिकवलं. तिनं हात पुढं केला, मी धरला नाही. पाय मागं घे म्हटलं, पाठ सरळ ठेव, फक्त खुब्यातून पुढं ये, अजून ये. आणि ती उठली. "आगं, उठले की मी!" म्हणून लहान पोरीसारखी हसली. मग तिचं हसू थांबलं. भिंतीला हात लावून ती माझ्याकडं वळली.

"त्यास्नीबी ह्येच शिकिवलं व्हतंस न्हवं?"

मी हो म्हटलं.

"मग तवा तू म्हनली व्हतीस, ते खरं व्हतं का गं?"

या प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट बघत होते आबा, उत्तर जिभेवर तयार होतं. तिच्या तोंडाकडं बघितलं. सगळं आयुष्य त्या एका उत्तरावर टेकून उभी होती ती. "न्हाय आई," मी म्हणाले, "मीच चुकले व्हते. त्यांना उठताच येत न्हवतं." तिनं श्वास सोडला, "तरीच," म्हणाली, आणि बसायला माझा हात मागितला. हे पत्र कुठं पाठवायचं नाही. एवढंच कबूल करते, की खोटं बोलले ते तिच्यासाठी, आणि सुटलात मात्र तुम्ही.