सामानाच्या खोलीतल्या आजी

प्रिय ऋता,

मुंबईतल्या मुंबईत, चारकोपहून घाटकोपरला पत्र म्हणजे तुला हसू येईल. हसून घे. पण फोनवर हल्ली मी तुझ्याशी तुटक बोलते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आपण दोघींनी एकाच कंपनीच्या प्लेग्रुपची फ्रँचायझी घेतली, तेव्हा रोज तासभर बोलायचो.

माझ्या सेंटरचं इन्स्पेक्शन होऊन गेलं. न कळवता आले, नेहमीप्रमाणे. करारात आहे तसं मी सगळी दारं, कपाटं उघडली, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवलं, शिक्षिकांना एकट्याने बोलू दिलं आणि स्वतः गप्प बसले. मला ते किती जमतं, हे तू कॉलेजपासून बघते आहेस. कंपनीच्या माधुरीबाई एरवी आधी बाथरूम बघतात, मग खेळणी. या वेळी चपला काढल्या आणि सरळ सामानाच्या खोलीकडे गेल्या. आत मुकुलच्या शेवंतीआजी लसूण सोलत बसल्या होत्या. आजी भिंतीपलीकडे आहे एवढं कळलं की तो पोरगा मजेत खेळायचा, नाहीतर रडून रडून उलटी करायचा. मुलं असताना बाहेरचं माणूस आत नको, हा नियम मला पाठ आहे. तरी बसवलं. तू काय केलं असतंस गं?

कुणीतरी चुगली केली होती, हे उघड होतं. माझा संशय गेला आमच्या शिक्षिकेवर, मानसीवर. मी तिच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या, तिच्या डब्यातलं खाणं सोडलं, ती आली की फोनवरचं बोलणं थांबवलं. ती रडली तरी मला दया आली नाही. मग माधुरीबाईंचं दारातलं वाक्य आठवलं. "या आजी दिवाळीनंतर बसायला लागल्या ना?" आजी तर जूनपासून बसत होत्या, पहिल्या दिवशी त्यांना खुर्ची मानसीनेच दिली होती. दिवाळीनंतर, असं मी फक्त तुला सांगितलं होतं, जूनपासून म्हटलं तर तू नियमांवरून माझं आणखी डोकं खाशील म्हणून. कदाचित तू सहज बोलून गेली असशील. तुला दुसरं सेंटर मिळतंय, त्याचा याच्याशी काही संबंध नसेलही. मी स्वतःला हे रोज समजावते आणि मला ते पटत नाही. फार वाईट वाटतं, ऋता. मानसीची मी माफी मागितली. मुकुल आता येत नाही. मला लेखी ताकीद मिळाली आहे, आणखी एक चूक झाली की सेंटर बंद.

आता हे लिहिण्याचं कारण. इन्स्पेक्शनला कंपनी दुसऱ्या एखाद्या सेंटरची मालकीण सोबत नेते, तुला माहीत आहे. गुरुवारी माधुरीबाई तुझ्याकडे येतायत आणि सोबत मी आहे. तुझ्या मागच्या दाराशी गाद्या रचलेल्या असतात. आग लागली तर मुलं बाहेर कशी पडणार? ते दार आजच मोकळं कर. मुलांसाठी सांगते, आणि तुझ्यासाठीही. आधी कळवणं म्हणजे करार मोडणं, आणि तो मी इथे सहीनिशी मोडते आहे. हे पत्र माधुरीबाईंना दाखवलंस तर माझं सेंटर जाईल. दाखवलंस की नाही, ते गुरुवारी त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळेल.

तुझीच, अजून तरी,
शुभा