हात काढण्याआधी

तीर्थरूप अण्णांना,

तुमच्या शोकसभेत सगळे तुमच्यातल्या गणिताच्या मास्तरांबद्दल बोलले. पण अर्धं गाव तुमच्या तळहातावर पोहायला शिकलं. सासूबाई कुरकुरायच्या, "शाळा सुटली की तलाव, मग माझी भाजी कोण चिरणार?" तुम्हीच चिरायचात.

मी पुस्तक वाचून, नाकातोंडात पाणी घेत एकटा शिकलो, याचा मला अभिमान आहे. "जावईबापू कोरडे पोहतात," असं तुम्ही चिडवायचात. आता तुमच्या नातीची अर्धी राहिलेली शिकवणी माझ्याकडे आलीय. तळहात तिच्या पोटाखाली, बेंबीच्या दोन बोटं वर, अगदी तुमच्यासारखा धरतो. पण काढायची वेळ आली की घड्याळं दुरुस्त करणारा हा हात तिथेच ठेवतो. ती बुडाली तर हाक मारायला आता तुम्ही नाही.

आज तीच वैतागली. "बाबा, सोडा ना! आजोबा 'धरलंय' म्हणत सोडायचे."

"तुला कसं कळायचं?"

"सोडलं की त्यांचा श्वास थांबायचा. खूप घाबरायचे ते."

अण्णा, आम्हाला वाटायचं, तुम्हाला भीती ठाऊकच नाही. प्रत्येक पोरामागे असा श्वास रोखलात?

उद्या मी हात काढणार आहे. "धरलंय" म्हणेन, आणि माझाही श्वास थांबलेला तिला कळेलच.

तुमचा घाबरट जावई