चांगल्या जिनिंगचे गुण

गुरुजी,

परवा शाळेत तुमच्या फोटोला हार घातला. कुणीतरी माइकवर सांगत होतं की गुरुजींनी शाळेवर पत्रे आणले, नाहीतर पोरं झाडाखाली शिकली असती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले. पत्रे कुठून आले हे त्या माइकवाल्याला ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि माझ्या मावशीला होतं. पण ती आता टाळ्या वाजवायलाही नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. दहावी झाल्यावर मी मावशीबरोबर बेल्याच्या रस्त्यावरच्या मोठ्या जिनिंगमध्ये जायला लागले होते. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, म्हणजे रेच्यात, दिवसभर कापूस टाकायचा, संध्याकाळी केस पांढरे करून घरी यायचं. त्या हंगामात मालकाला काय झालं कोण जाणे, भिंतींना चुना लागला, बायांसाठी संडास बांधला, कोपऱ्यातल्या खोलीवर ससा आणि हत्ती रंगवून तिला पाळणाघर म्हणायला लागले. मुकादमानं मग सांगितलं, परदेशात काही लोक आहेत, त्यांना आपला पैसा फक्त चांगल्या कारखान्यांतच घालायचा असतो. कारखाना चांगला की वाईट हे ठरवायला त्यांची माणसं येणार, गुण देणार. आणि त्या तपासणीचा खर्च कुणी द्यायचा? ज्याची तपासणी, त्यानंच. मला तेव्हाच हसू आलं होतं. तुमच्या परीक्षेत आम्ही तुम्हाला पगार दिला असता, तर वर्गातलं एकही पोर नापास झालं नसतं.

एक गोरी बाई आली आणि तिच्याबरोबर मद्रासचा एक साहेब, ज्याला ना मराठी येत होती ना धड हिंदी. म्हणून मालकानं तुम्हाला बोलावलं. तुम्ही इस्त्रीचं धोतर नेसून आलात. आम्हा बायांना रांगेत उभं केलं. बाईच्या हातातल्या कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन होते, अगदी नाखूशपासून अगदी खूशपर्यंत. मावशीला विचारलं, इथं काम करून तब्येत कशी राहते? प्रश्न तुम्ही मराठीत नीट सांगितलात, तेवढं मी मान्य करते. मावशी म्हणाली, "रात्री आडवं नाही पडता येत गुरुजी, खोकला छाती फाडते. तोंडाले बांधाले फडकं मागतलं तं मुकादम म्हणते घरून आण. अन् त्या हत्तीच्या खोलीत तं पोरंच नाही ठेवू देत, भिंती खराब होतात म्हणते."

तुम्ही चष्मा वर केलात. "मॅडम, शी इज सेइंग, वर्क इज लिटल हार्ड. बट शी इज हॅपी."

बाईनं चौथ्या चौकोनात खूण केली. पाचव्यात नाही, चौथ्यात. म्हणजे कागद खरा वाटावा.

माझ्या तोंडून निघून गेलं, "नो मॅडम! शी सेड कफ. नाइट, नो स्लीप."

"मोठे बोलून राह्यले तं मधी तोंड नाही घालायचं!" तुम्ही ओरडलात, वर्गात ओरडायचात तसंच. पण बाई माझ्याकडे वळली होती. तिचा चेहरा फुलला. "यू स्पीक इंग्लिश! हू टॉट यू?" मी तुमच्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आता ती तुम्हाला जाब विचारील. तिनं साहेबाला काहीतरी सांगितलं, पान उलटलं आणि कामगारांच्या शिक्षणापुढच्या शेवटच्या चौकोनात ठसठशीत खूण केली. खोकल्याचं काय, म्हणून मी पुन्हा विचारलं, तेव्हा साहेबानं कागदावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. खोकल्याला जागा नव्हती. औषधाची पेटी आहे का, एवढाच प्रश्न होता, आणि पेटी भिंतीवर होती. तिची किल्ली मालकाच्या घरी.

संध्याकाळी मी तुमच्या घरी आले. काकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या, तुम्ही पाटावर जेवत होता. मी उंबऱ्यातूनच विचारलं, "काऊन खोटं सांगितलं गुरुजी?"

"खोटं काय त्याच्यात?" तुम्ही घास मोडत म्हणालात. "त्यायच्या कागदावर खोकला लिहाले जागाच नोती. अन् मालक शाळेले पत्रे देऊन राह्यला. तुह्या मावशीचा खोकला मोठा का चाळीस पोरं मोठी?"

"मंग मावशीलेच विचाराचं होतं," मी म्हटलं. काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती जळाली. तुम्ही मात्र वरणात भाकरी कुस्करत राहिलात.

मोठ्या जिनिंगला उत्तम शेरा मिळाला. परदेशातून कमी व्याजाचा पैसा आला, नवे रेचे आले, मालकानं कापसाला दोन पैसे चढा भाव देऊन सगळ्या गाड्या आपल्याकडे वळवल्या. नाल्यापलीकडची छोटी जिनिंग, जिथं बायांना फडकी मिळायची आणि आजारपणात अर्धी मजुरी, तिथं कुणी तपासायला गेलंच नाही. त्या म्हाताऱ्या मालकाजवळ तपासणीपुरते पैसे नव्हते. ज्याला गुण नाहीत तो वाईट, असा सरळ हिशेब. ती बंद पडली, मोठ्या मालकानं घेतली, आणि पुढच्या हंगामात आमची मजुरी कमी झाली. जायला दुसरं दार उरलं नव्हतं. मावशीनं आणखी काही वर्षं काढली. शेवटी ती बसूनच झोपायची.

त्या गोऱ्या बाईची मला फक्त कीव येते. तिला जे दाखवलं ते तिनं मोजलं आणि समाधानानं विमानात बसली. मालकाकडून मला कसलीच अपेक्षा नव्हती. तिरस्कार मी तुमच्यासाठी राखून ठेवलाय, कारण त्या आवारात दोन्ही बाजूंचं बोलणं समजणारे तुम्ही एकटे होतात, बाकी होती ती माझी दहावीची मोडकी इंग्रजी. तुम्ही लाच घेतली असती तर सोपं झालं असतं. तुम्ही पत्रे घेतलेत, चाळीस पोरांसाठी, आणि आयुष्यभर ताठ मानेनं चाललात.

हे कुठं पाठवायचं नाही. पाठवता आलं असतं तरी तुम्ही आधी माझं शुद्धलेखन तपासलं असतं.

तुमच्या तेराव्याला मी आले होते. त्या घरचा घासही घेतला नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. जेवले होते गुरुजी. काकूंनी बुंदी वाढली, ती मी आणखी मागून घेतली.