लोकसहभाग आमच्या ओट्यावर

५ जानेवारी
अखेर वस्ती सुधारणा योजना मंजूर! नळ, गटार, दिवे, सगळं येणार. अट एकच, लोकसहभाग. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, निर्णय वस्तीनेच घ्यायचे. मी म्हटलं, वस्ती म्हणजे मीच की. त्या हसल्या. पटलेलं दिसतंय.
संकल्प: स्वतःसाठी काहीही मागायचं नाही.

९ जानेवारी
कमिटी झाली. अध्यक्ष मी. नाही नाही म्हणत होतो, पण मेहुणा ऐकेना. सचिव मेहुणा. गरिबांचा प्रतिनिधी आमचा भाडेकरू. एक बाई हवीच असा नियम, म्हणून बायकोचं नाव घातलं. तिला संध्याकाळी सांगितलं. तिने विचारलं, मला काय करायचंय? म्हटलं, सही. आणि चहा.

१६ जानेवारी
जाहीर सभा, आमच्याच बाहेरच्या खोलीत, सकाळी अकराला. खालच्या गल्लीतून कुणीही नाही. म्हणे कामावर होते. वस्तीचं भलं व्हायची वेळ आली की यांना नेमकी कामं सुचतात. सगळे ठराव एकमताने. पाईप-सिमेंट माझ्याच दुकानातून घ्यायचं ठरलं. लोकांना लांब हेलपाटे नकोत.

२ फेब्रुवारी
इंजिनिअर म्हणतो, नळ खालच्या गल्लीत बसवू, घरं तिकडे जास्त. मी विचारलं, मग देखरेख कोण करणार? त्याने नकाशा गुंडाळला. नळ आमच्या ओट्याला लागून बसणार. जबाबदारी टाळणं आमच्या रक्तात नाही.

११ फेब्रुवारी, पहाटे
नळ सुरू झाला. अंधारातच बादल्यांचा खणखणाट. रांग थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत. दोन बायकांचं भांडण माझ्या उशाशी झालं म्हटलं तरी चालेल.

१३ फेब्रुवारी
दारातून बाहेर पडणं अशक्य. मागच्या खिडकीतून उतरून दुकानात गेलो. व्यायाम होतो.
बायको रोज रांगेत गप्पा मारत बसते. कामं सोडून काय चाललंय, असं विचारलं. म्हणाली, प्रतिनिधी आहे ना, प्रतिनिधित्व करतेय.

३ मार्च
गटार झालं. आमच्या गल्लीत वर चकचकीत फरशा. आमचा ओटा मध्ये येत होता (थोडासाच पुढे घेतलाय), म्हणून गटाराला सुरेख वळण दिलं. खालच्या गल्लीच्या तोंडाशी सामान संपलं. हरकत नाही. पाण्याला उतार कळतो.

६ मार्च
पाण्याला उतार फारच कळला. खालच्या गल्लीतली इस्त्रीवाली दुकानात आली. घरात घोटाभर घाण, गिऱ्हाइकांचे कपडे गेले, लेकरं खाटेवर बसून आहेत म्हणाली. एक चादर माझ्या टेबलावर आपटली. वास अजून जात नाही. तिची भावना मी समजू शकतो. चादर मात्र तिने परत नेली नाही.
मेहुण्याला विचारलं, काय करायचं? तो म्हणाला, आभाराचा बोर्ड लावू.

१० मार्च
बोर्ड लावला. माझा फोटो छान आलाय. कुणीतरी त्यावर चादर वाळत घातली.

२२ मार्च
मॅडमचा फोन. पुढचं काम हवं तर कमिटी पुन्हा निवडा. सभा संध्याकाळी, खालच्या गल्लीत, उघड्यावर. मी लगेच हो म्हटलं. केलेलं काम बोलतं. भाषण तयार आहे.

२९ मार्च
अफाट गर्दी! वस्तीत एवढी माणसं आहेत याची कल्पना नव्हती. भाषणाला उभा राहिलो, तर इस्त्रीवाली म्हणाली की अध्यक्ष बाईच हवी, रोज रांगेत आमचं ऐकून घेणारी. सगळे हात वर. मला वाटलं, मॅडमना निवडतायत.
निवडली माझी बायको.
मेहुण्याचाही हात वर होता. म्हणतो, ताई आहे ती माझी.
असो. सत्ता घरातच राहिली. ती सही करेल, डोकं माझं.

४ एप्रिल
माझं डोकं कुणी वापरायलाच घेतलं नाही. नळ खालच्या गल्लीत हलवायचा आणि गटार सरळ न्यायचं ठरलं. सरळ म्हणजे आमच्या ओट्यातून. मी बायकोला म्हटलं, अगं, तो आपला ओटा आहे. ती म्हणाली, रस्ता आहे तो, आपण नुसते बसत होतो.

८ एप्रिल
ओटा फोडला. मी तो स्वखुशीने दिला, असं दुकानात येईल त्याला सांगतोय. दुकानात कुणी फारसं येत नाही. सिमेंट आता दुसरीकडून येतं.

१९ एप्रिल
सभेला वेळेवर पोचलो. खुर्च्या संपल्या होत्या, एका पालथ्या बादलीवर बसलो. गटाराच्या उताराबद्दल माझ्याकडे मोलाच्या सूचना होत्या. उठून बोलायला लागलो. बायको मला घरात अहो म्हणते. इथे म्हणाली, ते मागचे गृहस्थ, मध्ये बोलू नका, हात वर करा, नंबर लागेल.
हात वर केला. दुखला, तेव्हा दुसरा केला. सभा संपली. लोक उठून गेले. मी तसाच. शेवटी एक बाई आली, म्हणाली, काका, उठा जरा, बादली माझी आहे.