विल्माचा वाडगा

अर्नेल,

आज तपासायला पाण्याचे नमुने जास्त आहेत, त्यामुळे प्रयोगशाळेतून यायला उशीर होईल. दर शुक्रवारचे मूग शिजवून ठेवलेत. त्यात घालायचे सुके मासे तू परवा शेजारच्या विल्माला तिच्या वाडग्यातून पाठवलेस. शेजारणीचा वाडगा रिकामा परत करायचा नसतो हे मलाही कळतं, पण कुंडीतली लिंबं चालली असती.

ती वाडग्यातून भाजी पाठवते, त्यामुळे आपलं एक कालवण वाचतं, म्हणून इतके दिवस गप्प होते. पण "विल्माच्या हाताला चव आहे" हे तू रोज म्हणतोस. तिची खानावळ आहे, ती नारळाचं पहिलं घट्ट दूध वापरते. मी एकाच किसातून तीनदा दूध काढते.

कालचा वाडगा मी आत्ताच लिंबं घालून देऊन आले, आणि यापुढे भाजी पाठवू नकोस म्हणून सांगितलं.

"का गं, अर्नेलला आवडत नाही?"

"फार आवडते. म्हणूनच."

ती हसून म्हणाली, "मग नवऱ्याला कुलूप लावून जात जा."

मूग पातळ झालेत. तरी मी येईपर्यंत थांब, आणि एकदा माझ्यासमोर बसून माझ्या हातचं मागून घे.

लिगाया