कमरुद्दीनच्या अंगठ्यासह छत्तीस फोटो

जुन्नर,
मंगळवार, १७ नोव्हेंबर १९९८

प्रिय सावळाराम,

सप्रेम नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला उतार असेल असं धरून चालतो. नसेल तर माझा जुना सल्ला त्यांना पुन्हा सांग. पूर्वीही त्यांनी तो ऐकला नव्हता.

पत्रास कारण गंभीर आहे. माझ्यावर अन्याय झाला आहे. गेल्या महिन्यात मी एक रंगीत रोल धुवायला दिला. इथे रंगीत काम होत नाही, म्हणून कमरुद्दीन स्टुडिओवाला रोल एसटीनं पुण्याच्या लॅबला पाठवतो. चार दिवसांनी पाकीट आलं. फोटो काढले होते छत्तीस, आत निघाले पाच. मी जाब विचारला.

"मास्तर, त्यांचा काय गुना?" कमरुद्दीन म्हणाला. "तुमच्या फोटोत माणूस न्हाई. त्यांना वाटलं, बटन चुकून दाबलं गेलं. गिऱ्हाइकाचं नुकसान नको म्हणून छापलं न्हाई."

"मग हे पाच कसे छापले?"

"त्यात नथमलशेट हायेत ना मधी."

खरं आहे. त्यांच्या कापडदुकानापुढे मी सुताच्या रिळांचा फोटो घेत होतो. "गुरुजी, मला काढताय व्हय?" म्हणत टोपी सरळ करून शेट पाचही वेळा आडवे आले. वैशेषिक दर्शनानं अभावालाही, म्हणजे नसण्यालाही, पदार्थ मानलं, सावळाराम. लॅबनं मानलं नाही.

दुसऱ्या रोलला तोड कमरुद्दीननंच काढली. "माझा अंगठा घ्या कोपऱ्यात. माणूस हाय म्हणून छापतील." दुकान ओढून घेऊन तो दुपारभर माझ्याबरोबर फिरला आणि छत्तीसच्या छत्तीस आले! ते सोबत पाठवले आहेत. डाव्या कोपऱ्यातला अंगठा कलेचा भाग समजू नकोस.

आता तू विचारशील, हे खूळ कुठून आलं. खूळ नाही, पथ्य आहे. पावसाळ्यापासूनचा माझा खोकला तुला फोनवर ऐकू आला होता, मी 'खडूची धूळ' म्हणालो होतो. तो क्षय निघाला. आपल्या भाषेत राजयक्ष्मा. नाव कसं भारदस्त आहे बघ. चंद्राला तो सत्तावीस बायकांपायी जडला म्हणतात. माझी एकच आहे, तरी.

औषध चालू आहे, वजनही दीड किलोनं वाढलं. पण डॉक्टरांनी बजावलंय, की गोळ्यांतली एक क्वचित डोळ्यांना बाधते. "गुरुजी, लाल-हिरव्यावर लक्ष ठेवा. फिकं वाटलं तर त्याच दिवशी या." म्हणून मुलीनं दिलेला कॅमेरा काढला. बाजारात नुसताच बघत हिंडणारा मास्तर संशयास्पद वाटतो, कॅमेरेवाला फक्त वेडा. आणि इथे एकाला 'हा रंग कोणता हो?' विचारलं, की दिवेलागणीच्या आत लोक मला मामलेदार कचेरीपर्यंत आंधळा करून सोडतील.

फोटोत काही विशेष नाही. एसटी स्टँडच्या खांबावर रंगाचे पोपडे निघालेत, त्याखाली जुने चार थर दिसतात. रुक्सानाच्या हातगाडीवरच्या बांगड्यांची नुसती कड आहे. तारेवर अडकलेला पतंगाचा कागद, सायकलच्या चाकातले मणी, गळक्या नळाला बांधलेली चिंधी. पंचावन्न वर्षं ह्याच गल्ल्यांतून गेलो आणि यातलं एकही पाहिलं नव्हतं. हे वाक्य वाचून तुला होणारा आनंद मी इथून पाहू शकतो. बारा वर्षं तुझे चित्रकलेचे तास मी दहावीच्या जादा संस्कृतसाठी बळकावले. "रंगानं कुणाचं पोट भरलंय?" असं भर स्टाफरूममध्ये म्हणालो होतो. तू पोरांना घेऊन मैदानात गेलास आणि जमिनीवर चित्रं काढून घेतलीस. ती मी वरच्या खिडकीतून बघितली होती. चांगली होती. तेव्हा सांगायचं राहिलं.

तर काम असं. ओळखीच्या वस्तूचा रंग डोळा सांगत नाही, आठवण सांगते. झेंडू मला डोळे मिटूनही पिवळा दिसतो. म्हणून मुद्दाम अनोळखी वस्तू घेतल्या, आणि टिपताना जो रंग दिसला तो वहीत लिहिला. तोच आता प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीनं उतरवलाय. तू आधी फोटो बघ, तुझा रंग कागदावर लिही, मगच उलट. माझ्या मोठेपणाचा मान राखू नकोस. तो राखायची तुला सवय नाहीच.

सतरावा फोटो चिंधीचा आहे. मी वहीत 'तपकिरी' लिहून मोकळा झालो होतो. तेवढ्यात कोपऱ्यात अंगठा धरत कमरुद्दीन म्हणाला, "मास्तर, ही लालभडक लई झ्याक येईल!"

मी म्हणालो, "हो, येईल."

कमरुद्दीन मेंदी लावलेल्या दाढीलाही लाल म्हणतो, त्यामुळे त्याची साक्ष मी ग्राह्य धरलेली नाही. तुझी धरेन.

घोडेगाव काही लांब नाही, समोर येऊन विचारता आलं असतं. पण तू फोटोच्या आधी माझं तोंड बघितलं असतंस. उत्तर पोस्टकार्डावर नको, आमचे पोस्टमन गेणभाऊ वाचनाचे फार शौकीन आहेत. घरी हिला खोकला माहीत आहे, गोळ्या माहीत आहेत. डोळ्यांचं सांगितलेलं नाही.

त्या चिंधीला आज नऊ दिवस झाले. डॉक्टरांकडे मी गेलेलो नाही, आणि गोळी रोज घेतो आहे. बंद केली तर छाती बरी होईल का, हे विचारायचं धाडस होत नाही. चालू ठेवली तर एक दिवस पोथी उघडीन आणि अक्षर दिसणार नाही. सावळाराम, मला भीती वाटते. चिंधी लाल असेल तर तसं लिही, आणि जमलं तर लिहू नकोस, तूच ये. डॉक्टरांकडे एकट्यानं जाववत नाही.

तुझा, नावापुरता तीन डोळ्यांचा,
त्र्यंबक