कूलरमागची बाग

अमरावती,
मे महिना, दुपार

श्री. वामनराव यांस खुशालरावांचा रामराम.

गुडघा कसा आहे? दुखतो असं वहिनींच्या बोलण्यात आलं. अकोल्याच्या उन्हात दुपारी बाहेर पडत जाऊ नका. इकडे तुमची बहीण इंदू ठणठणीत आहे (आवाजावरून तरी तसंच वाटतं). फोनच केला असता, पण ती मला तो स्पीकरवर ठेवायला लावते, आणि काही गोष्टी मेहुण्या-मेहुण्यांतच राहिलेल्या बऱ्या.

स्वयंपाकघर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जो बोळ आहे (दिवाळीत तुम्ही तिथे आळस दिला आणि दोन्ही कोपरं खरचटली, तोच), तिथे मी निवृत्तीनंतर बाग केली. आधी कागदावर आखली. मधून वाट, दोन्ही बाजूंना वाफे. जमिनीवर खडूने काढली तेव्हा कळलं, की वाट ठेवली तर वाफे मावत नाहीत आणि वाफे ठेवले तर माणूस. मग वाफे रद्द करून भिंतीला तेलाचे रिकामे डबे टांगले. वर मिरची, मधे पालक, खाली सांबार (पुण्याचे लोक याला कोथिंबीर म्हणतात). टोमॅटो खिडकीच्या जाळीवर चढवला. कपडे वाळत घालायला इंदूला खेकड्यासारखं आडवं जावं लागे. "तुमी बाग करून राहिले का माहा रस्ता बंद करून राहिले?" असं ती विचारी. दोन्ही खरं होतं.

झाडं जोमाने यावीत म्हणून जीवामृत केलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, सगळं ड्रममध्ये भिजत. ड्रमला सावली लागते, आणि बोळात सावली फक्त कूलरच्या मागे. कूलर मागची हवा ओढून घरात सोडतो हे मला माहीत होतं. या दोन गोष्टींचा एकत्र विचार तेवढा झाला नव्हता.

मार्चमध्ये आपल्या आकांक्षाला पाहायला शेंदूरजनाघाटचे नत्थुजी आले, मुलगा पियुष सोबत. संत्र्याचे बागाईतदार लोक. पाहुण्यांना घाम आला म्हणून इंदूनेच कूलर लावला. पोह्यांच्या बश्या हातात होत्या. पियुषने हळूच आपला मोजा पाहिला. नत्थुजींनी पियुषकडे पाहिलं. इंदूने माझ्याकडे पाहिलं. कसं, ते लिहीत नाही. आकांक्षा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. पोरीचं जमत आलेलं माझ्या ड्रमाने मोडणार, हे मी धरूनच चाललो.

नत्थुजी उठले. वाटलं, निघाले. ते वासामागे स्वयंपाकघरातून थेट बोळात गेले, ड्रमाचं झाकण काढलं आणि म्हणाले, "जीवामृत हाय ना हे? घरी आल्यासारखं वाटून राहिलं बाप्पा!" मग त्यांनी डबा न् डबा पाहिला. बोळात वळता येत नाही, म्हणून आम्ही दोघे उलटे चालत बाहेर आलो. हे पाहायला सगळं घर मागच्या दारात जमलं होतं. त्यामुळे पुढच्या खोलीत आकांक्षा आणि पियुष दोघंच उरली, आणि त्यांना मोकळेपणी बोलता आलं. पुढच्याच आठवड्यात तिकडून होकार आला. आकांक्षाने आधीच दिला होता.

तर इकडे सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला,
खुशालराव

ता. क. होकाराच्या आनंदात मी जीवामृत पाणी न घालता तसंच ओतलं. वरून हे ऊन. सगळी बाग जळाली. टोमॅटो दोरीसारखा लोंबतो आहे. आणि येत्या रविवारी नत्थुजी घरच्या बायामाणसांना घेऊन बाग दाखवायला येत आहेत. तुमच्या गच्चीवरच्या मिरची-वांग्याच्या कुंड्या शनिवारीच गाडीत घालून आणा. इंदूने विचारलं तर म्हणा, सहज आणल्या.

ता. ता. क. मामाजी, मी आकांक्षा. बाबांनी पाकीट चिकटवायला दिलं, म्हणून वाचलं. कुंड्या आणू नका. बाग जळाली त्याच दिवशी मी पियुषला फोटो पाठवला होता. त्याचे बाबा म्हणाले, "सांगू नोको त्याईले, वाईट वाटीन." रविवारी लग्नाची तारीख काढायला येताना ते स्वतःच गाडीभर रोपं आणत आहेत. त्यात तुमच्याही कुंड्या आल्या तर सोयरे कुठे बसवायचे, असं आई विचारते आहे.